उजव्या पायाचं काम

जुळे सोलापूर

प्रिय शिवादादा,

दुसऱ्याची वस्तू त्याला न विचारता बदलली, आणि ती त्याच्यासाठीच बदलली, तर त्याला माया म्हणायचं की आगाऊपणा? मी घरातली पहिली पदवीधर झाले म्हणून तू अख्ख्या गल्लीत पेढे वाटलेस, पण या प्रश्नाचं उत्तर मला खरंच येत नाही. म्हणून आधी सगळं सांगते. फोनवरच सांगितलं असतं, पण गाडीचा विषय निघाला की तू 'वजनकाट्यावर उसाच्या गाड्या लागल्यात' म्हणून फोन ठेवतोस. श्रावणात साखर कारखाना बंद असतानासुद्धा.

तुझी येझदी घरामागे गंजण्यापेक्षा दुरुस्त करून विकून टाक, असं तू सांगितलं होतंस. त्यातलं दुरुस्तीपर्यंतचं मी मनापासून ऐकलं. दादा, ती चालू झाली आहे! मी चालू केली. नागपंचमीला पहिला नट सोडवला तेव्हा मला पानासुद्धा धड धरता येत नव्हता. तुझ्या मायाप्पा मिस्त्रींनी पहिले आठ दिवस मला नुसते पार्ट धुवायला लावले. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं अख्खं घर निघालं, आपल्या इलेक्ट्रिक बिलांच्या कागदांचं. हरवू नयेत म्हणून सगळे स्क्रू आईच्या डब्यांत भरून ठेवले, तर एक दिवस तिच्या मोहरीत वॉशर निघाला आणि दोन दिवस मला शेंगाचटणी बंद झाली.

दसऱ्याला इंजिन पहिल्यांदा लागलं. मी पंपावर गेले, माझ्या स्कूटीत टाकते तसं पेट्रोल टाकलं आणि ऐटीत निघाले. आसरा चौकात गाडी एकदम जागच्या जागी आवळली, पिस्टन आतच जाम. या गाडीच्या पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं, हे मला ठाऊकच नव्हतं. ढकलत परत मिस्त्रींच्या गॅरेजात आणली. मिस्त्री रागावले नाहीत, नुसते म्हणाले, "डिग्रीवाली हाईस की. पेट्रोलला तेल पाजायचं कॉलेजात सांगितलं न्हाय व्हय?" त्यावर दुकानातली सगळी हसली. पुन्हा बोअर, पुन्हा पिस्टन. पण आता सांगते, ती चूक झाली नसती तर पुढचं काही सुचलंच नसतं.

कारण दुसऱ्यांदा इंजिन बसवल्यावर मी किक मारत बसले होते. पन्नासावी तरी असेल. गाडी धडधडली, धुराने मिस्त्रींचा चहा दिसेना, आणि मी किकचा दांडा आत दाबून पुढे फिरवला, तोच गिअर झाला. ही गंमत तुला काय सांगायची, तू आठ वर्षं याच गाडीवर माळशिरसची शिवारं फिरून उसाच्या नोंदी केल्यास. किक आणि गिअर एकच, आणि दोन्ही डाव्या पायाला. मी तिथेच गाडी बंद केली. मग उजव्या पायाला राहिलं काय? फक्त मागचा ब्रेक. अपघातापासून तीन वर्षं आपण सगळे धरून बसलो की तुझा उजवा गुडघा वाकत नाही, म्हणजे गाडी संपली. आणि या गाडीत त्या पायाला काम एकच आहे, दादा, एकच.

ब्रेक हातावर घेता येईल का, असं मी मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, "ब्रेकचं काय, वायर नेशील तिकडं जातंय. पन गडी बसंल का?" मी म्हटलं, बसेल. तुला न विचारता म्हटलं.

आता दिवाळीचं कबूल करते. पँट शिवायची म्हणून मी तुझ्या कमरेपासून टाचेपर्यंत माप घेतलं होतं. पँट अजून आली नाही म्हणून तू शिंप्याला शिव्या दिल्यास. त्या मलाच लागू आहेत. त्या मापाने उजवं पायदान पुढे घेतलं, पाय सरळ ठेवून टेकेल इतकं. ब्रेकचा लिव्हर डाव्या मुठीवर क्लचच्या खाली बसवला. चालत्या गाडीत गिअर दाबला की क्लच आपोआप सुटतो, म्हणून तो हात बराचसा मोकळाच असतो. टाकीचा रंग आईने निवडला, मरून.

बसवून भागत नाही, बघायला हवं होतं. मी उजव्या गुडघ्याला लाकडी पट्टी लावून वर ओढणी करकचून बांधली आणि मागच्या मोकळ्या मैदानात निघाले. आई धावत आली. "एक लेकरू आडवं झालेलं बघितलं न्हाय का मी? आता दुसरं बी?" दोनदा मी पडले. तिसऱ्यांदा आईनेच ओढणीची गाठ सैल करून नीट बांधून दिली आणि कडेला उभी राहून फेऱ्या मोजल्या. अकरा झाल्या. अकराव्या फेरीनंतर ती पदराने टाकी पुसत राहिली.

तुमच्या अकलूजच्या कारखान्यात ऊस नोंदणीची जागा पुन्हा निघाली आहे आणि तू अर्ज केलेला नाहीस, हे मला वहिनीने सांगितलं. काट्यावर बसून तू आकडे बरोबर लिहितोस, पण हल्ली तुझ्या फोनमध्ये शिवाराचा वारा ऐकू येत नाही. मला तो आवाज परत हवा आहे. आणि मला हवा आहे म्हणून तुलाही हवा असेल, हे मी कुठल्या हक्काने ठरवलं, तेच मला कळत नाही.

सोबत आरटीओचा अर्ज आहे. गाडीतला बदल आरसी पुस्तकावर नोंदवल्याशिवाय ती रस्त्यावर काढायची नाही, आणि तिथे सही मालकाचीच चालते. ती जागा मी कोरी सोडली आहे. पण एक गोष्ट तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून आजच लिहायला बसले. तू पाठवलेलं पुण्याचं गिऱ्हाईक काल येऊन गेलं. त्याला गाडी फार आवडली, आजच नेतो म्हणाला, फक्त तेवढा हातातला ब्रेक आणि पुढचं पायदान काढून पहिल्यासारखं करून द्या. अर्ध्या दिवसाचं काम. मिस्त्रींनी पान्याला हात लावला नाही, माझ्याकडे बघत राहिले. मी त्या माणसाला चहा दिला आणि सांगितलं, गाडी विकायची नाही, मालक अकलूजला असतो आणि तो ती चालवतो. मग त्याला माझ्या स्कूटीवरून स्टँडपर्यंत सोडून आले.

हात अजून ग्रीसने काळे असलेली,
तुझीच
अपेक्षा