हिरवं बटण

१८ नोव्हेंबर, दुपार

चि. खारूताई,

तुझ्या डोक्यावर माझा हात आहे असं समज. तो तुझ्यापर्यंत पोचत नाही, हा त्याचा दोष. इकडे सगळं ठीक. तुझे बाबा कामावर गेलेत, खिडकीतली कुंडी पुन्हा वाळलीय आणि माझे गुडघे कुरकुर करत का होईना, चालतात. अक्षर तुझ्या आईचं, बोलणं माझं. मी बोलेन तस्संच लिही, मध्ये सुधारणा करू नकोस, असं तिला बजावलंय. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर मला विषय बदलता येतो. इथे बदलला की तुझी आई पेन धरून माझ्या तोंडाकडे बघत बसते.

आता बघतेच आहे.

गेल्या वर्षी तू दोन दिवस आपल्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसली होतीस. फ्रिजवर पिवळे कागद चिकटवत होतीस. मी विचारलं, हे काय, तर म्हणालीस, आजी, अ‍ॅप बनवायच्या आधी आम्ही ऑफिसात गोष्टी लिहितो, तशी लिहिते. तीन ओळींची गोष्ट: कोण, काय हवं, कशासाठी. मी तुझी थट्टा केली, की ना राजा ना राणी, ही कसली गोष्ट? तू म्हणालीस, "आजी, तिसरी ओळ खोटी निघाली ना, तर वरच्या दोन कितीही चांगल्या असू देत, सगळं फुकट." मला लिहिता-वाचता येत नाही, पण ऐकलेलं विसरत नाही.

आणि तिथेच मेख आहे. मी काहीच विसरत नाही.

तू विचारलंस, सूज उतरायची पांढरी गोळी कधी चुकते का? तुझी आई ओट्यापाशी उभी होती. मी म्हटलं, विसरते गं, वय झालं. तू लिहिलंस: आजीला गोळीची आठवण हवी, कारण ती विसरते. त्यावरून तुम्ही ऑफिसातल्या सगळ्यांनी मिळून ते फोनमधलं अ‍ॅप केलंत. अकरा वाजता घंटा वाजते, बाई गोड आवाजात बोलते, आणि घेतली की हिरवं बटण दाबायचं.

ती गोळी घेतली की तासाभरात चार वेळा जावं लागतं. आमचा पत्त्यांचा डाव साडेअकराला, कोपऱ्यावरच्या सभागृहात, दुसऱ्या मजल्यावर. संडास तळमजल्यावर. मध्ये छत्तीस पायऱ्या. एकदा मी वेळेत उतरू शकले नाही. त्यापुढचं तुझ्या आईला लिहायला लावत नाही. तेव्हापासून डावाच्या दिवशी गोळी डब्यातच राहते. विसरणाऱ्या म्हातारीची लोक कीव करतात. मुद्दाम न घेणारीला रागावतात. मी कीव पत्करली.

घंटा वाजली की मी हिरवं बटण दाबायचे. बाई गप्प, मी मोकळी.

तुझ्या आईने पेन थांबवलंय. म्हणते, आई, मला का नाही सांगितलंत? सांगितलं असतं तर तू मला डावाला जाऊ दिलं असतंस का? म्हणते, नसतंच. बरं, लिही पुढे.

हे इथवर असतं तर मी निगरगट्टपणे गिळून टाकलं असतं. पण ही अक्कल मी एकटीपुरती ठेवली नाही. समोरच्या दारातली शिवणवाली, माझी पत्त्यांतली जोडीदारीण, तिलाही तीच गोळी, म्हणून तिलाही तुझं अ‍ॅप मिळालं. तीही पायऱ्यांना घाबरते. मी तिला हसत हसत शिकवलं, दाब हिरवं आणि चल. हिरव्या बटणाची नोंद डॉक्टरांकडे जाते. त्यांनी पाहिलं, रोज गोळी घेते आणि सूज तशीच. त्यांनी गोळी दुप्पट केली. मग तिचा मुलगा चार दिवस रजेवर आला आणि समोर बसून तिला त्या दुप्पट गोळ्या खरोखरच देऊ लागला. चौथ्या दिवशी ती मशीनवरून उठली आणि चक्कर येऊन पडली. उजवं मनगट मोडलं. शिवणारीचं उजवं मनगट, खारूताई.

मुलगा म्हणतो, अ‍ॅपनं घात केला. आणि रविवारी तू फोनवर रडत विचारत होतीस, "आजी, मी कुठे चुकले तेच सापडत नाही." मी म्हटलं, जेवून घे. एवढंच म्हटलं.

शिवणवालीने अजून माझं नाव घेतलेलं नाही. प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून मलाच विचारते, डाव कसा झाला?

तू चुकली नाहीस. तुझ्या गोष्टीतली तिसरी ओळ मी खोटी सांगितली. हे पत्र तुमच्या साहेबांना वाचून दाखव. लाज वाटायची ती मला वाटू दे. आणि तो पिवळा कागद काढून हा लाव:

कोण: पायऱ्यांना घाबरणारी म्हातारी.
काय हवं: 'आज घेतली नाही' असं सांगायचं बटण. लाल करू नकोस, लाल पाहिलं की शिक्षा वाटते.
कशासाठी: डॉक्टरांना खरं कळावं, आणि त्यांनी गोळीची वेळ डाव संपल्यानंतरची द्यावी.

पाकीट बंद केलं की आम्ही दोघी समोर जातोय. शिवणवालीच्या मुलासमोर हेच सगळं पुन्हा सांगायचंय. तुझी आई सोबत येते म्हणाली, मी विषय बदलू नये म्हणून.

काहीही न विसरलेली,
तुझी आजी