चेंडूला बॅट लागेना

रविवार, १५ ऑगस्ट १९७६. मॉन्ट्रियल

परत तेच! आपल्या बेसबॉल टीमची माणसं बॅट फिरवतात आणि चेंडू कॅचरच्या हातात. महिना झाला, हेच चाललंय. जॅरी पार्कच्या उजव्या कुंपणामागे पोहण्याचा तलाव आहे. पूर्वी एखादा फटका थेट पाण्यात पडायचा. हल्ली पोरं निर्धास्त डुंबतात! मागच्या बाकावरचा म्हातारा घसा फोडून ओरडतो, "फ्राप! फ्राप-ला!" मारा, मारा. कोण मारतंय!

पण आज लिहायचंय ते शशिकांतबद्दल. आम्ही एकाच ड्रॉइंग ऑफिसात, आणि टीम जन्मली तेव्हापासून एकाच बाकावर. बॅटिंग बसली की माझ्याहून जास्त शिव्या त्याच्या. आज एकही नाही! नऊपैकी सातव्याच डावात घड्याळ बघून म्हणतो, "निघू या का?"

शशिकांत? सातव्या डावात?

मंगळवार, १७ ऑगस्ट

रेडिओवर मॅच. हरले. शशिकांतला फोन केला — एंगेज. तासभर एंगेज.

शुक्रवार, २० ऑगस्ट

ऑफिसात शशिकांतच्या टेबलावर टोरांटोचा पेपर. नोकऱ्यांच्या जाहिरातींचं पान वर. मी जवळ गेलो तसा घडी घालून खणात टाकला.

पुढच्या वर्षी टोरांटोला नवी टीम येतेय. कळलं! ओळखीतली दोन घरं या उन्हाळ्यात तिकडे गेलीच, आता हा.

रविवार, २२ ऑगस्ट

बाकावर तोंडावरच विचारलं. "खरं सांग, टोरांटोला चाललास ना?"

"मी? वेड लागलंय का तुला!"

"मग पेपर कशाला?"

तो मैदानाकडे बघत राहिला. "बॅटिंग बघ," म्हणाला.

काय बघायची बॅटिंग! म्हटलं, "टीम हरायला लागली की पळणारी माणसं मला आवडत नाहीत." त्याचे कान लाल झाले.

गुरुवार, २६ ऑगस्ट

मी घरात शिरलो आणि उल्काने फोन ठेवला. "कोण होतं?" "राँग नंबर."

राँग नंबरशी मराठीत बोलत होती!

शनिवार, २८ ऑगस्ट

लिहू की नको...

दुपारी उल्का ग्रोसरीला म्हणून निघाली. मी मागोमाग. देपानर दुकानाच्या काचेआडून पाहिलं — कोपऱ्यावर शशिकांतची हिरवी डॉज. ती पुढच्या सीटवर बसली. त्याने काहीतरी म्हटलं, ती हसली. गेले.

आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली.

तीन तासांनी परतली, हातात पिशवी नाही. मी विचारलं नाही. भीती वाटली.

रविवार, २९ ऑगस्ट

जॅरी पार्कला गेलो नाही. त्यानेही फोन केला नाही.

सोमवार, ३० ऑगस्ट

शेवटी विचारलं. म्हणजे ओरडलोच. उल्का आधी बघतच राहिली, मग हसायला लागली, मग रडली.

फ्रेंचच्या परीक्षेत ती दुसऱ्यांदा नापास झालीय. पास झाली नाही तर फार्मसिस्टचा इथला परवाना पुढे मिळणार नाही. टोरांटोच्या एका हॉस्पिटलची माणसं शनिवारी इथे डाउनटाउनला इंटरव्ह्यू घेत होती. पेपर शशिकांत तिच्यासाठी आणायचा. शनिवारी न्यायला-आणायला तोच. कोणाला सांगणार नाही, असं वचन तिने त्याच्याकडून घेतलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला काय सांगू? ही टीम तुझ्याच्याने सोडवत नाही, तू शहर सोडशील?"

तेव्हाच बोलायला हवं होतं.

बुधवार, १ सप्टेंबर

टोरांटोच्या कंपनीचं पत्र आलं, माझ्या नावावर. 'आपल्या ११ मार्चच्या नोकरीच्या अर्जाबाबत...' उल्काला सांगितलं नव्हतं, शशिकांतला नाही, या वहीतही लिहिलं नव्हतं.

आज पत्र तिच्या हातात दिलं. तिने तारीख वाचली. दोनदा.