उलट्या पावलांचा गाईड

सावेडी, अहिल्यानगर
सोमवार, १५ डिसेंबर २०२५

प्रिय खाजाभाई,

कानिफनाथाचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही. शहजादीभाभींची पाठ आता बरी असेल. नात अलिझा शाळेत रमली का?

आज पहाटे जाग आली ती तुझ्या अब्बांच्या टांग्याच्या आवाजानं. आधी घोड्याच्या गळ्यातली घुंगरं, मग रस्त्यावर नाल, आणि माळीवाड्याच्या वळणावर त्यांनी पायानं दाबलेली ती पितळी घंटा. आपण दोघं मागच्या बाकावर पाय सोडून बसलेलो. त्या बाकाची गंमत म्हणजे शाळा जवळ येताना कधी दिसायची नाही, घर लांब जाताना मात्र दिसायचं. मी मराठीच्या पुस्तकातली कविता ओरडून म्हणायचो आणि तू फळीवर ताल धरायचास. डोळे उघडले तर खाली दूधवाल्याची मोटारसायकल होती. मग झोप नाहीच. तीन वेळा चहा करून झाला.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्राला मधेच तोडता येत नाही.

तुझ्या इम्राननं घेतलेल्या गाडीतून तू परिषदांच्या पाहुण्यांना रत्नागिरीचं बंदर दाखवतोस, असं कानावर आलं. तुझं बरं आहे. समुद्र समोर आला की गाईडनं गप्प बसावं, काम होतं. इथं आमच्या वाट्याला किल्ल्याचा खंदक. त्यात बाभळी माजलेल्या. तिथं पाणी भरायचं, सुसरी सोडायच्या, पलीकडून तोफा डागायच्या, सगळं तोंडानं. आणि मी एखादी कविता सुरू केली की मागून गाडीपाशी तू ओरडायचास, "मास्तर, बास कर यार, डिझेल जळतंय!" जकात नाक्यावर आयुष्य काढलेल्या कारकुनाला मास्तर हे नाव तूच चिकटवलंस. आता अख्खं नगर म्हणतं.

परवा शनिवारी पुन्हा एक सहल झाली. हॉटेलवाल्या सुनीलकडे डॉक्टरांची परिषद होती. भाषणांना कंटाळलेली बसभर माणसं त्यानं माझ्या हवाली केली. फराहबाग झाली, दमडी मशीद झाली. ऊन छान होतं. मग डोंगरावर चांदबीबी महाल. नाव चांदबीबीचं आणि आत झोपलाय सलाबतखान, हे सांगितलं की पाहुणे अजूनही हसतात. एकंदरीत सहल चांगली झाली.

चांगली झाली, असं लिहून मी उठलो आणि दोन खोल्यांत फेऱ्या मारून आलो. कपाटाचा कोपरा खांद्याला लागला. रोज लागतो.

तुला माहीत आहे, मी उलटं चालतो. पाहुण्यांकडे तोंड, वाटेकडे पाठ. "हडळीसारखा उलट्या पावलांचा" असं तू चिडवायचास. ह्यात एक सोय असते, खाजाभाई. उलटं चालणाऱ्याला कुणी विचारत नाही की बाबा, तुला वाट दिसते का. दिसणार कशी? तो उलटाच चालतोय! त्या आडोशानं माझे दोन हिवाळे निघाले. आणि तू गाडीपाशी विडी ओढत थांबायचं सोडून आमच्याबरोबर वर यायला लागलास. माझ्या मागे राहून हळूच म्हणायचास, "मास्तर, पायरी." मी पाहुण्यांना सांगायचो, आमच्या ड्रायव्हरलाही इतिहासाची आवड आहे.

शनिवारी मागे "पायरी" म्हणणारं कोणी नव्हतं.

महालाच्या वरच्या मजल्यावर, जिथं कमानीला कठडा नाही, तिथं मी कविता म्हणत होतो. दोन ओळी राहिल्या होत्या. "आता डावीकडे नगर बघा," म्हणत मी एक पाऊल मागे टाकलं. तेवढ्यात कुणीतरी माझा मफलर असा धरला की गळाच आवळला. डॉक्टर धनश्री नावाच्या बाई. आपल्या रुपालीच्या वयाच्या असतील. मला आत ओढून भिंतीशी बसवलं आणि समोर उकिडव्या बसल्या.

"काका, माझ्या नाकाकडे बघा. नाकाकडेच. हा हात दिसतो?"

"कोणता हात?" मी विचारलं.

मग सगळी बस माझ्याभोवती गोळा झाली. एकजण मोबाईलचा दिवा डोळ्यात मारतोय, दुसरा पापणी वर करतोय. सलाबतखानाला कुणी विचारेना. इतकी वर्षं लोकांना इमारती दाखवल्या, त्या दिवशी मीच प्रेक्षणीय स्थळ झालो.

डॉक्टर डोळ्यांचे होते. मघाशी लिहायचं राहिलं.

राहिलं नाही, टाळलं.

काचबिंदू आहे. मला नळीतून बघितल्यासारखं दिसतं, मधलं तेवढं स्वच्छ. म्हणून तर हे अक्षर सरळ आहे. त्या बाई म्हणाल्या, "गेलेलं परत येत नाही, काका. राहिलेलं राखू. पण उशीर केलात तर तेही जाईल." ५ जानेवारीला, सोमवारी, पुण्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरवलंय. मी हो म्हणून आलो. घरी येऊन नाही ठरवलं. काल पुन्हा हो. आज सकाळपासून काय ते विचारू नकोस.

सुनील काल संध्याकाळी येऊन गेला. वाईट नाही पोरगा. म्हणाला, "मास्तर, तुम्ही नुसता आवाज भरून द्या. पाहुणे मोबाईलवर ऐकत फिरतील." म्हणजे मला लोणच्यासारखं बरणीत घालणार! त्याला म्हटलं, अरे, पाहुण्याचा चेहरा बघून गोष्ट लांबवायची असते की आवरायची, ते बरणीला कसं कळणार? त्यावर तो म्हणाला, "चेहरे तरी दिसतात का तुम्हाला?" आणि लगेच ओशाळला. मी चहा विचारला नाही.

ऑपरेशनची भीती नाही, असं लिहिणार होतो. भीती आहे. टेबलावर झोपल्यावर तेवढी नळीसुद्धा मिटली तर? सहली जाऊ देत. पुस्तकं जातील. ती जुनी क्रमिक पुस्तकं, पाठ असूनही मी उघडून बसतो, कारण पान बघितल्याशिवाय मला कविता म्हटल्यासारखी वाटत नाही. रुपालीला अजून कळवलेलं नाही. ती पुण्यातच आहे, धावत येईल. पण लेकीनं हात धरला की माणूस म्हातारा होतो. तू धरलास तर नुसता रस्ता ओलांडल्यासारखं वाटेल.

दिवाळीच्या आधी, मास्तरला दिसत नाही, असं तू सुनीलला सांगितलंस, ते खरं होतं. किल्ल्याच्या दारात, चारचौघांत मी तुला चहाडखोर म्हणालो, ते खरं नव्हतं. तू गाडीची चावी खिशात टाकलीस आणि निघून गेलास, तो थेट रत्नागिरीला. हे मी फोनवर बोलू शकलो नसतो.

रत्नागिरीहून पुणं लांब आहे, जाणतो. तरी विचारतो, येशील?

थांब. दार वाजतंय. या वेळेला माझ्याकडे कोणी येत नाही.

पुढचं घाईनं लिहितोय. दारात धोतर-टोपीतला एक म्हातारा, माझ्याच वयाचा. हातात पिशवी.

"गाईड मास्तर तुमीच व्हय?"

"आपण कोण?"

"आसाराम. श्रीगोंद्याहून आलो, यष्टीनं. माझा ल्योक डोळ्याचा डाक्टर हाय. शनवारी तुमच्या बसमदी हुता. फोनवर लई सांगत हुता तुमचं. म्हनलं, समदा जल्म ह्याच जिल्ह्यात गेला, पर त्यो म्हाल निस्ता रस्त्यावरनं बगितला. हाटेलात तुमचं घर इचारलं. मला बी दावा."

मी म्हणालो, सहली बंद केल्यात.

"मफलरनं वाचले त्ये तुमीच ना?" असं म्हणून तो पोट धरून हसला. मग हसू आवरून, माझ्याकडे नीट बघत, "दिसत न्हाई व्हय तुमाला?"

इतकं सरळ मला कुणी विचारलं नव्हतं, खाजाभाई. तूही सुनीलला सांगितलंस, मला विचारलं नाहीस. मी पुन्हा काहीतरी उलटं चालणार होतो. तोंडातून निघालं, "नाही. बाजूचं दिसत नाही. पायऱ्या दिसत नाहीत."

"मंग त्यात काय! बगायचं काम माजं, सांगायचं तुमचं. चला, उन्हं चढायच्या आत."

तो ओट्यावर बसून माझी वाट बघतोय. पाकीट चिकटवतो आणि निघतो. टपालपेटी कोपऱ्यावर डाव्या हाताला आहे. ती मी त्यालाच बघायला सांगणार आहे.

पाच तारखेला तुझी वाट बघणारा,
कानिफनाथ