साक्षीदाराचा वाटा

मी, खाली सही करणारी, तुरुंगात कैद्यांची मानसोपचारतज्ज्ञ म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता करते. शरीर थकलं आहे, डोकं शाबूत आहे. शंका असेल त्यांनी वाद घालून बघावा.

१. राहतं घर, बँकेतली ठेव आणि दागिने माझ्या मुलीला. अट कोणतीही नाही. अट तिने मला घातली होती. गाडी लावण्यावरून रस्त्यात भांडण झालं, एका माणसाने माझ्या मुलाला ढकललं, डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं आणि माझा मुलगा गेला. तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, माणूस मुळातच वाईट असतो. एवढं एकदा कबूल कर, मी घरी येते." मला ते म्हणता आलं नाही. बायकोचा गळा दाबणारा कैदी शेजारच्या आजारी म्हाताऱ्याला घास भरवताना मी पाहिला आहे. दोन्ही वेळा हात त्याचेच. मुळात काय असतं ते मला सापडलं नाही, पोरी. खोटं बोलून तुला बोलावणं जमलं नाही, आणि तुझ्याशिवाय जगणंही नीट जमलं नाही.

२. भिंतीवरचं घड्याळ धाकट्या दिरांना. मुलाला स्मशानात न्यायच्या वेळी ते सारखे या घड्याळाकडेच बघत होते. आता निवांत बघा म्हणावं.

३. मागची खोली मी त्या ढकलणाऱ्याच्या आईला हयातभर राहायला देणार होते. मी अंथरुणाला खिळल्यापासून ती रोज येते, अंग पुसते, वेणी घालते. पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला हाकलून दिलं होतं. तिच्या मुलाला मी माफ केलेलं नाही, हे तिला ठाऊक आहे. मुलीने मात्र फोनवर सुनावलं, "घर लाटायला येते ती. डोळे उघड." आज वकिलांनी बजावलं, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. तेव्हा यांची सही नको." ती माझं पांघरूण नीट करत होती. म्हणाली, "मग मलाच साक्षीदार करा, साहेब." मी ओरडले, रडले. बाई ऐकेना.

सबब तिला काहीही दिलेलं नाही. मुली, खालची दुसरी सही तेवढी वाच.

ठिकाण: राहतं घर
दिनांक: ९ मार्च

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार:
१. शेजारचे दातांचे डॉक्टर (सही)
२. ढकलणाऱ्याची आई (सही)