काउंटीवाल्याचा सत्कार

सारंगखेडा, शुक्रवार, संध्याकाळ

चटणीचा नारळ गेला! आमच्या सासऱ्यांनी, आप्पांनी, मोबाईलसमोर फोडला. इंग्लंडच्या काउंटीतला त्यांचा तो लाडका म्हातारा स्पिनर आज शेवटची मॅच खेळला. मोबाईलला टॉवेल गुंडाळला, वर टोपीही ठेवली. मला हसू आलं, तर म्हणाले, "इतला वरीस खेळना, पन देशकडथीन एकदाबी नही. त्याना सत्कार कोण करी?" इतकी वर्षं खेळून देशाकडून एकदाही न खेळलेल्या त्या स्पिनरच्या नावाने नारळाची एक वाटी फ्रिजमध्ये ठेवायला लावली.

आता तीच वाटी डोळ्यांसमोरून हलत नाहीये. आप्पा कारखान्यातून रिटायर झाले तेव्हा दवाखान्यात होते. सत्कार राहूनच गेला. आपल्याला कसं सुचलं नाही कधी?

टॉवेल-टोपी आहेच. उद्या नवा नारळ आणते. हा मात्र त्यांना फोडू द्यायचा नाही. हातात द्यायचा.