चारच शीलं

सिंदी (रेल्वे), जि. वर्धा
२९ ऑगस्ट २०२५

प्रिय निकेश,
जयभीम.

तू फोन उचलत नाहीस. पत्ता माझ्या जागृतीने दिला. तुम्ही दोघं काका-पुतणी बोलता, हे मला आत्ता कळलं. इकडे पाऊस थांबत नाही, कपाशीच्या पऱ्हाटीत पाणी साचलं आहे. विहारात वर्षावासाचं वाचन चालू आहे. रोज सकाळी पंचशील मीच देतो.

आईला सेवाग्रामच्या दवाखान्यातून घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, आता घरीच सेवा करा. ती दिवसातून दहादा विचारते, "निकेश आला का?" मी म्हणतो, "निघाला आहे." गेले बारा दिवस तू निघालेलाच आहेस.

परवा विहारात चार आर्यसत्यं समजावली. दुःख आहे, त्याचं मूळ तृष्णा आहे, तृष्णा सुटली की दुःख सरतं, आणि सुटायचा मार्ग आहे. सगळ्यांना पटलं. घरी आलो तर आई दाराकडे डोळे लावून पडलेली. तिची एवढी एकच तृष्णा उरली आहे. ती सोड, असं मला म्हणवेना.

काल मात्र म्हणाली, "टिका, तू चारच शील देऊन राह्यला. भोंग्यातून मले सारं ऐकू येते. चौथं आलं का खोकतं तू."

खोटं न बोलण्याचं शील ते. तेवढ्यापुरतं मी माईकपासून तोंड फिरवतो, निकेश. लोकांना वाटतं, घसा बसला.

जरा दम घेऊन ती म्हणाली, "पाचवं मोडलं म्हून त्याले घराबाहेर काढलं. चौथं मोडनाऱ्याले कोन काढनार?"

म्हणजे तिला माहीत होतं. दारूचा वास आला म्हणून मी तुला अंगणात ढकललं, आणि तिला सांगितलं की तू रागाने निघून गेलास. सहा वर्षं हे पोटात ठेवून ती माझ्या हातचं पाणी पीत राहिली.

तू पितोस की सोडलीस, ते विचारत नाही. असशील तसा ये.

सात तारखेला पौर्णिमा आहे. "त्या दिवशी पाचही म्हनजो," असं तिने बजावलं आहे. त्याआधी तू दारात उभा राहिलास, तर माझा बारा दिवसांचा शब्द खरा होईल. नाही तर तिच्याजवळ बसून मला सांगावं लागेल की तू निघालाच नव्हतास. ते मला जमणार नाही. आणि न सांगता विहारात उभंही राहता येणार नाही.

उत्तर लिहीत बसू नको. येजो.

तुला दाराबाहेर काढणारा,
तुझा दादा
टिकाराम