मागच्या सीटवर पोतं नको

शाले,

पत्राची सुरुवात कशी करायची ते आपल्याला शाळेत शिकवलं होतं. पण गेलेल्या माणसाला 'तू कशी आहेस' असं विचारायचं की नाही, ते काही शिकवलं नाही. म्हणून सरळ मुद्द्यावर येते. तुझी तीनचाकी माझ्या दारात उभी आहे. उद्या सकाळी मी ती घेऊन वरवंडहून दौंडला जाणार आहे, पुढं बसून. इतकी वर्षं मागं बसले, उद्या पहिल्यांदा पुढं.

सकाळपासून दोनदा चहा उतू घालवला. आई म्हणते, भीती वाटत असंल. भीती कसली? मी तुझ्यावर जळते आहे. मेलेल्या माणसावर कुणी जळतं का गं? हे बाहेर बोलले तर बायका तोंडात माती घालतील माझ्या. म्हणून तुलाच लिहायला बसले.

पायापासूनच सुरू करते. आपल्या दोघींना पोलिओ झाला तो मागंपुढं. तुझा डावा पाय गेला, माझा उजवा. शाळेत जाताना एकमेकींच्या गळ्यात हात टाकायचे, अधू पाय मध्ये घ्यायचे आणि धड पाय बाहेरच्या अंगाला, ही युक्ती तुझीच. "दोघीत मिळून दोन पाय हायेत इमे, आजून किती पायजेत?" असं म्हणायचीस. तेव्हा मला वाटायचं, चला, इतर कशात नाही तर पांगळेपणात तरी आपण सारख्या. तुझे केस गुडघ्याला टेकायला आलेले, माझी वेणी उंदराच्या शेपटीएवढी. तू वर्गात कविता म्हणायला उठलीस की मास्तर खडू खाली ठेवायचे. पण पाय सारखे होते.

तेही खोटंच निघालं. शिरूरला कळलं ते.

तुझ्या दादानं नवी मोटारसायकल घेतली आणि जुनी तुला तीनचाकी करून द्यायचं ठरवलं. शिरूरच्या रफिकभाई मिस्त्रींकडं आपण तिघं गेलो. मी आपली सोबतीला. मागचं एक चाक काढून तिथं आडवा एक्सल टाकायचा, त्याला दोन चाकं लावायची, असं त्यांनी जमिनीवर खडूनं काढून दाखवलं. मग तुला विचारलं, "ताई, पाय कुठला?"

"डावा," तू म्हणालीस.

"मग काय, सोपं काम हाय. डाव्या पायाला निस्ता गिअर असतोय. त्याला दांडा जोडून वर हाताला घिऊ. ब्रेक उजव्या पायाला, त्यो तुमचा चांगला हाय."

मी मध्येच तोंड घातलं. "आन् उजवा असता तर?"

रफिकभाईंनी माझ्या पायातल्या लोखंडी कॅलिपरकडं पाहिलं आणि टोपी मागं सारली. "उजवा म्हंजी ब्रेक हातावर घ्यायचा, किकला दांडा जोडायचा. लय उठाठेव हाय त्यात."

लय उठाठेव. तिथंच त्या टायरच्या ढिगावर बसून मला कळलं की पोलिओनंसुद्धा चांगला पाय बघून तुलाच दिला होता. तू माझा हात दाबलास. तुला वाटलं मला वाईट वाटलं. वाईट कसलं वाटतंय, मला राग आला होता.

आणि गाडी तयार झाली त्या दिवशीचं आठवतंय? दादा म्हणाला, आधी मी बघतो चालवून. शेडमागच्या रस्त्यावर त्यानं ऐटीत गाडी काढली, वळणावर सवयीनं अंग डावीकडं झुकवलं, आणि गाडी सरळ जाऊन कांद्याच्या वाफ्यात. पुन्हा काढली, पुन्हा झुकला, पुन्हा वाफ्यात. वाफेवाला बांधावरून ओरडतोय आणि रफिकभाई पोट धरून हसतायत. "दोन चाकाची सवय जाईना त्यांची. आवो, ही झुकवून वळत न्हाई, हँडलनं वळवायची!"

तुला कसलीच सवय नव्हती. साधी सायकलसुद्धा आयुष्यात चालवली नव्हतीस. तू बसलीस, दांडा पुढं ढकललास, हँडल वळवलंस आणि लिंबाच्या झाडाला वळसा घालून परत आलीस. ओढणी नीट केलीस आणि विचारलंस, "हेच का ते अवघड?" दादा पँटीचा चिखल झटकत उभा होता. मी टाळ्या वाजवल्या. वाजवताना मनात म्हणत होते, एकदा तरी पड की गं वाफ्यात.

नाही पडलीस. न्हावऱ्यावरून, भीमेच्या पुलावरून, चौफुल्यावरून थेट वरवंडला गाडी आणलीस, मला मागं बसवून. पुलावर तू मोठ्यानं गात होतीस. मला मागं फक्त तुझे केस खायला मिळत होते.

माझं काम रफिकभाईंनी निघतानाच सांगितलं होतं. वळणावर आतलं चाक हलकं होतं, उचलायला बघतं, म्हणून मागचीनं आत झुकायचं, वजन आतल्या चाकावर टाकायचं. "पुढचीनं वळवायचं, मागचीनं झुकायचं," असं ते म्हणाले आणि तो 'मागची' शब्द मला जो चिकटला तो चिकटला. तुझा दौंडच्या स्टेशनजवळ एसटीडीचा बूथ, त्याच्याच गल्लीत माझं शिलाईचं दुकान. रोज सकाळी आपण निघायचो. पाटस फाट्याला गाडी दौंडकडं वळायची तेव्हा तू ओरडायचीस, "इमे, झुक!" की मी डावीकडं झुकायचे. संध्याकाळी घरी येताना उजवीकडं. फाट्यावरच्या चहावाल्यापासून शाळेच्या पोरांपर्यंत सगळे आपल्याला पुढची आणि मागची म्हणायला लागले. तुझं नाव तरी लोकांना ठाऊक होतं, बूथच्या पाटीवर होतं. मला बाजारात बायका हाक मारायच्या, "ओ मागची!" आणि मी वळून बघायचे, हे जास्त वाईट.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते मात्र वेगळंच.

मला ताप आला होता, चारसहा दिवस दुकान बंद. पडल्या पडल्या मी विचार करत होते, आता बाईसाहेबांना कळंल. फाट्यावर चाक उचललं की माझी किंमत कळंल. बरी होऊन बाहेर आले तर तू मजेत गाडी घेऊन येतेस आणि मागच्या सीटवर, माझ्या जागेवर, अर्धं पोतं सरकी पेंड दोरीनं बांधलेलं.

"रफिकभाईंनी सांगितलं," म्हणालीस. "मागं वजन असलं की झालं. हे बरंय इमे. चहा मागत न्हाई, कुरकुर करत न्हाई."

तू हसलीस. मीही हसले. पण पेंडेच्या पोत्यावर जळणारी बाई तू दुसरी पाहिली आहेस का? तेही अर्ध्या! त्या दिवशी ते पोतं उतरवताना मी मुद्दाम तुझ्या अंगणात आपटलं. तुझी आई म्हणाली, आगं, फाटंल. मी म्हटलं, फाटू दे.

मग तो रेल्वेतला क्लार्क. रोज संध्याकाळी गावाकडं फोन लावायला यायचा. आपल्याला आधी वाटलं, आईवर फार जीव आहे. नंतर कळलं, आईकडं फोनच नव्हता, शेजारच्यांकडं लावायचा आणि 'नंतर करतो' म्हणून ठेवायचा. त्यानं तुला मागणी घातली. तू सरळ नाही म्हणालीस. मी विचारलं, का गं? तर खांदे उडवून म्हणालीस, "मला मागं बसून जायचं न्हाई कुणाच्या." म्हणजे मी काय करत होते रोज? आणि एक सांगू, तू त्याला होकार दिला असतास तर मी इतकी जळले नसते. तुझ्याकडं नाही म्हणायला माणूस होता. माझ्याकडं नाही म्हणायलासुद्धा कुणी आलं नाही.

नंतर मोबाईल आले, बूथवर माशा बसायला लागल्या. मला वाटलं आता तरी तू माझ्या पंक्तीला येशील. तर तू बूथमध्येच रिचार्जची कूपनं ठेवलीस आणि पुन्हा गर्दी. किती पुढं जायचं गं माणसानं?

कावीळ झाली तेही मला सगळ्यात शेवटी कळलं. सकाळी वाट बघत उभी राहिले, गाडी आली नाही. दादा सांगायला आला, शालीला पहाटे जीपमधून पुण्याला नेलं. मी तिथं पोचले तेव्हा तू डोळे मिटून पडलेली, अंगावर हळद लावल्यासारखी पिवळी. ते परत उघडलेच नाहीस. उठवायला नको का मला त्या पहाटे? जीपमध्ये मागं जागा नव्हती का? इथं मला राग येतो आणि लिहिताना दिसत नाही, म्हणून थोडं थांबले होते.

तुझ्या जलदान विधीला एवढी माणसं आली की मांडव पुरला नाही. फाट्यावरचा चहावाला आला, कांद्याचा वाफेवाला शिरूरहून आला. तीनचाकीवाले सातआठ जण आले, रफिकभाईंची सगळी गिऱ्हाइकं, रस्त्याकडंला ओळीनं गाड्या लावल्या त्यांनी. त्रिशरण म्हणताना मी माणसं बघत होते. माझ्या वेळी किती येतील, असा विचार मनात आला. आता तूच सांग, हे काय मन झालं?

विधी झाल्यावर दादा म्हणाला, "इनामगावचा एकजण हाय. डावाच पाय हाय त्याचा. गाडी हाय तशी नेतो म्हणतोय. पण शाली बोलून गेलीय, म्हणून आधी तुला विचारतो."

"काय बोलून गेली?"

"जीपमधी म्हणली, गाडी मागचीला द्या."

शाले, शेवटचं बोललीस तेव्हासुद्धा मागची? विमल नाही, इमी नाही? मी तिथंच म्हणणार होते, द्या त्या इनामगाववाल्याला. खरं तर तेच सोपं होतं. पण मग डोळ्यांसमोर आलं, कुणीतरी बाप्या तुझा गिअरचा दांडा धरून बसलाय, मागं त्याची बायको नाहीतर पोतं, आणि पाटस फाट्यावर मी एसटीत उभी राहून बघते आहे. तुझ्यावर जळले ते जळले, आता त्याच्यावरही जळायचं? तेवढी ताकद नाही माझ्यात. म्हटलं, गाडी मला पाहिजे.

रफिकभाई आता थकलेत. गाडी पाहून तुझं नाव घेतलं आणि बराच वेळ एक्सलला हात लावून बसले. मग मला विचारलं, "पाय कुठला, ताई?" मला हे विचारायला इतकी वर्षं लागली त्यांना.

"उजवा. लय उठाठेव हाय ना?"

"हाय," म्हणाले. "पण करू की." ब्रेक हातावर आला, किकला दांडा आला, गिअरचं पायडल पुन्हा खाली, माझ्या डाव्या पायाशी आलं. मग तुझा हातगिअरचा दांडा कापायला त्यांनी करवत घेतली. "आता याचं काय काम न्हाई." मी म्हटलं, राहू द्या. ते म्हणाले, आडवा येईल. मी म्हटलं, येऊ द्या, तिची खोडच आहे ती.

काल दादाला माळाच्या कडेला उभं करून चालवून पाहिली. शाले, एक गंमत सांगते, आणि ही ऐकून तू जळ जरा. मी पायानं गिअर टाकला की तुझा दांडा माझ्या हाताशी आपोआप हलतो. दोन्ही एकाच शाफ्टला आहेत ना. वरच्या टोकाची ती काळी मूठ, तुझ्या तळव्यानं गुळगुळीत झालेली. पहिला गिअर, हलली. दुसरा, हलली. मला गाडी थांबवावी लागली. दादाला वाटलं, बंद पडली.

आणि मी सायकलवर वडिलांच्या मागं बसलेली, तुझ्या मागं बसलेली, सगळा जन्म वळणावर झुकलेली बाई. पहिल्याच वळणाला झुकले आणि गेले सरळ बाभळीत. हो, हसून घे. वाफा नव्हता म्हणून बाभूळ. दुसऱ्यांदा हँडलनं वळवली तेव्हा वळली, पण मागचं आतलं चाक उचललं. मागं झुकायला कुणी नव्हतं. आपल्या दोघीत मिळून एक गाडी होती, हे तेव्हा समजलं मला.

आत्ता थोड्या वेळापूर्वी दादा येऊन मागच्या सीटवर अर्धं पोतं पेंड बांधून गेला. चांगल्या मनानं बांधलं बिचाऱ्यानं. तो गेल्यावर मी दोरी सोडली आणि पोतं शेजारच्यांच्या म्हशीला देऊन टाकलं. पुन्हा आपटावं असं वाटलं होतं, पण नाही आपटलं.

तर माझा शब्द ऐक. त्या सीटवर मी कधी पोतं ठेवणार नाही. मी वळणावर गाडी अगदी सावकाश घेईन, मागून ट्रकवाल्यांनी कितीही हॉर्न वाजवू देत. तुझा दांडा काढणार नाही. आणि फाट्यावर कुणी विचारलं, पुढची कुठं गेली, तर सांगेन, आता मागं बसलीय.

आता एवढी पुढं निघून गेलीस, तेवढं बास झालं. उद्या सकाळी ये आणि गपचूप मागं बस. केस खायची तयारी ठेव, आहेत तेवढे. आणि पाटस फाट्यावर मी ओरडले की डावीकडं झुक.

तुझी पुढची,
विमल